पार्लमेंटाची चित्रे : आत कोण, बाहेर कोण?

(एका खेड्यातील सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक समारंभात तेथील शाळामास्तरांनी दिलेले व्याख्यान. व्याख्यानाच्या वेळी भिंतीवर चित्रांच्या मोठ्या नकला लावल्या होत्या. वाचकांसमोर त्या नसल्यामुळे चित्रांची वर्णने व्याख्यात्यांनी थोडी वाढवून दिली आहेत. – संपादक)



दरसाल या समारंभाला तालुक्याहून किंवा जिल्ह्याहून कोणी विद्वान वक्ता येतो. यंदा चालकांनी घरच्याच मास्तराला उभे केले. पिकते तेथे विकत नाही ही म्हण आपणा सर्वांना ठाऊक आहे. म्हणून नुसते शब्द विकायला न आणता मी चित्रे घेऊन आलो आहे. माझे बोलणे आवडले नाही तर चित्रे तरी पाहून जा.

ही चित्रे विलायतेच्या पार्लमेंटाची आहेत. आमच्या मुलांच्या पुस्तकात लोकशाहीचा धडा आला की शेजारी एका मोठ्या इमारतीचे चित्र असते. मुलगा ते पाहतो आणि लोकशाही म्हणजे खांबांची, घुमटांची एक मोठी इमारत असे त्याच्या डोक्यात बसते. मोठी माणसेही फारशी निराळी नाहीत. आपल्याकडे चित्र म्हटले की हात जोडायचे, एवढीच रीत आहे. चित्राला प्रश्न विचारायची रीत नाही. आज मी तीन प्रश्न देतो, आणि प्रत्येक चित्राला ते विचारा असे सांगतो. पहिला, हे चित्र कोणी काढविले आणि कोणाच्या पैशाने? दुसरा, यात आत कोण बसला आहे? तिसरा, जो दिसत नाही तो कोठे आहे?

विलायतेचीच चित्रे का, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की आपल्या लोकसभेच्या व विधानसभेच्या कामकाजाची पुष्कळशी रीत तेथून आली. शिवाय त्या सभेची चित्रे आज अडीचशे वर्षांहून अधिक काळाची मिळतात, आणि एकामागून एक लावली तर बंद दार कसकसे उघडत गेले ते डोळ्यांना दिसते. ते दार आपोआप उघडलेले नाही. कोणी कोणी धक्के दिले ते आज पाहायचे आहे.

पहिले चित्र पाहा. हे अँटन हिकेल नावाच्या परदेशी चिताऱ्याने १७९३ ते १७९५ या काळात काढले. फ्रान्सने युद्ध पुकारल्यावर कॉमन्स सभेत मुख्य प्रधान धाकटा विल्यम पिट बोलत आहे, असा प्रसंग आहे. जागा म्हणाल तर हे मूळचे राजवाड्यातील देऊळ, संत स्टीफनचे. सोळाव्या शतकाच्या मध्यास ते कॉमन्स सभेला मिळाले. देवळात गाणाऱ्या मंडळींची बाके दोन बाजूंना समोरासमोर असत; सभासद तसेच बसू लागले आणि सरकारपक्ष व विरोधी पक्ष यांनी एकमेकांकडे तोंड करून बसायचा रिवाज पडला. वेदीच्या जागी अध्यक्षाची खुर्ची आली. देवळातली बैठक सभेला मिळाली, आणि देवळातल्याप्रमाणेच आत कोणी यायचे व कोणी नाही याचे नियमही तेथे कडक होते.

आता चित्रातील मंडळी पाहा. उंची कोट, पांढरे केस. बहुतेक जमीनदार, सरदारांचे धाकटे मुलगे, मोठे व्यापारी व वकील. यांना निवडून कोणी दिले? त्याचे उत्तर शेजारच्या लहान चित्रात आहे. हे कॉन्स्टेबल या नामांकित चिताऱ्याने १८३४ साली रंगविले. एक उजाड टेकडी आणि वर वादळी आभाळ. या टेकडीचे नाव ओल्ड सेरम. एके काळी तेथे शहर होते, ते उठून गेले आणि माती राहिली. परंतु शेकडो वर्षे ही ओसाड टेकडी पार्लमेंटात दोन सभासद पाठवीत होती! अखेरच्या काळात तेथे मतदार होते अवघे अकरा. आणि त्याच काळात मँचेस्टरसारख्या गिरण्यांनी गजबजलेल्या शहराला स्वतःचा एकही सभासद नव्हता.

या टेकडीची आणखी एक गोष्ट आपल्याशी लागू आहे. टॉमस पिट नावाचा इंग्रज हिंदुस्थानच्या व्यापारात गब्बर झाला. पुढे तो मद्रासचा गव्हर्नर झाला, आणि येथून त्याने नेलेला मोठा हिरा फ्रान्सच्या राजदरबारात विकला गेला. याच टॉमस पिटाने ओल्ड सेरमची जमीन विकत घेतली होती. जमिनीबरोबर पार्लमेंटातल्या दोन जागा आल्या. जणू विहिरीबरोबर मोट आली! त्याचा नातू थोरला विल्यम पिट १७३५ साली याच टेकडीतर्फे पार्लमेंटात बसला, आणि पणतू तो हिकेलच्या चित्रात हात करून बोलणारा मुख्य प्रधान. धाकट्या पिटाला न्याय द्यायचा तर हेही सांगितले पाहिजे की अशा कुजक्या मतदारसंघांपैकी काही बंद करण्याचे बिल त्याने स्वतः १७८५ साली आणले होते. सभेने ते फेटाळले. ज्याच्या पोटावर पाय येतो तो आपण होऊन जागा सोडीत नाही, हे तेव्हाही खरे होते.

दुसऱ्या भिंतीवरची चार चित्रे हिकेलच्याही आधीची, १७५४-५५ सालची. ती विल्यम होगार्थने काढली. १७५४ साली ऑक्सफर्डशायरात झालेली निवडणूक त्याच्या डोळ्यांसमोर होती. हिकेलने सभा आतून दाखविली; होगार्थने आत जाण्याचा रस्ता दाखविला. पहिल्या चित्रात मेजवानी झडली आहे. खाण्याचा अतिरेक होऊन नगराध्यक्ष खुर्चीत कलंडला आहे, आणि त्याच्या शेजारी शिंपले पडले आहेत. दुसऱ्यात एका शेतकऱ्याला दोन खानावळवाले दोन बाजूंनी गाठून हातात चिरीमिरी सरकवीत आहेत. शेतकऱ्याचे डोळे पाहा, कोणाची जड आहे याचा तो अंदाज घेतो आहे. तिसरे चित्र प्रत्यक्ष मतदानाचे. लाकडी मांडवावर चढून प्रत्येकाने सर्वांदेखत, मोठ्याने, उमेदवाराचे नाव सांगायचे. लढाईत हात गमावलेला एक शिपाई शपथेच्या पुस्तकावर लोखंडी आकडा ठेवतो आहे आणि वकील वाद घालीत आहेत की आकडा म्हणजे हात होतो की नाही. त्याच्यामागे एका मंदबुद्धी माणसाच्या कानात कोणी काही सांगतो आहे, आणि मरायला टेकलेल्या एकाला उचलून मत द्यायला आणले आहे. पलीकडे देशाची गाडी मोडली आहे आणि गाडीवान पत्ते खेळत बसले आहेत. चौथ्यात निवडून आलेल्या उमेदवाराची खुर्चीतून मिरवणूक निघाली आहे आणि खुर्ची कलंडत आहे.

आपण हसलात. हसण्यासारखेच आहे. मीही मतदानाच्या दिवशी केंद्रावर कर्मचारी म्हणून पुष्कळदा बसलो आहे. बोटाला शाई लावताना त्या शेतकऱ्याचे डोळे मला कधी कधी समोर दिसतात. परंतु तो विषय शेवटी काढू. येथे एवढेच लक्षात ठेवा की उघड मतदान म्हणजे जमीनदाराच्या कारकुनाच्या कानादेखत मतदान. ज्याची जमीन कसायची, ज्याच्या घरात भाड्याने राहायचे, त्याच्याविरुद्ध तोंड कोण उघडणार?

तिसरे चित्र आकाराने सर्वांत मोठे. मूळचे सुमारे १० फूट उंच व १६ फूट लांब आहे. जॉर्ज हेटर नावाच्या चिताऱ्याने ते कोणी सांगितले नसताना काढायला घेतले आणि त्यात दहा वर्षे घातली. सुमारे ३७५ माणसांचे चेहरे ओळखू येतील असे त्यात आहेत. प्रसंग ५ फेब्रुवारी १८३३ चा. १८३२ साली सुधारणेचा मोठा कायदा झाला. ओल्ड सेरमची जागा गेली, मँचेस्टरला सभासद मिळाले, आणि त्या कायद्याप्रमाणे निवडलेली पहिली कॉमन्स सभा या चित्रात बसली आहे. कारखानदार आणि शहरातले मध्यम स्थितीचे लोक आता मतदार झाले. पण ज्यांनी मोर्चे काढले, दंगलीत मार खाल्ला, त्या मजुरांना काय मिळाले? काही नाही. बायकांचे तर उलटेच झाले. तोवर त्यांना मत देता येत नसे तो रिवाज म्हणून; १८३२ च्या कायद्याने मतदार हा ‘पुरुष’ असला पाहिजे असे शब्दच घातले. एका हाताने दार उघडले आणि दुसऱ्या हाताने त्याला नवे कुलूप लावले.

आता या मोठ्या चित्राशेजारी एक अगदी लहान रेखाचित्र लावले आहे ते जवळ येऊन पाहा. हे १८३४ साली फ्रान्सिस रिकमन नावाच्या मुलीने काढले. तिचे वडील कॉमन्स सभेत चिटणिसाच्या कामावर होते. चित्रात माळ्यावरचे एक लाकडी धुराडे दिसते. खाली सभागृहात मेणबत्त्यांचे झुंबर असे. त्याची उष्णता व धूर वर जाण्यासाठी छतात हे भोक ठेवले होते. १७७८ सालापासून बायकांना सभेच्या सज्जात येण्याची बंदी होती. तेव्हा ज्या बायकांना देशाचा कारभार ऐकायचा असे त्या माळ्यावर चढत, या धुराड्याच्या फटींतून डोके आत घालीत आणि धूर खात खाली चाललेली भाषणे ऐकत. बंधुभगिनींनो, एकाच इमारतीची ही दोन चित्रे. एकात ३७५ चेहरे आणि सोळा फुटांची लांबी. दुसरे एका मुलीने कागदाच्या तुकड्यावर काढलेले. माझा तिसरा प्रश्न आठवा. मोठ्या चित्रात जी दिसत नाही ती त्याच छपरावर, धुरात बसली होती.

चौथे चित्र आगीचे. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी ही जुनी इमारत जळाली. कारण ऐकण्यासारखे आहे. इंग्रज सरकारच्या खजिन्यात शेकडो वर्षे हिशेब ठेवण्याची अशी रीत होती की लाकडी काठीवर रकमेप्रमाणे खाचा पाडायच्या आणि काठी मधोमध उभी चिरायची. अर्धी देणाऱ्याकडे व अर्धी घेणाऱ्याकडे. कागदी हिशेब आला तरी काठ्या चालूच राहिल्या. १८२६ साली ती रीत अखेर बंद पडली आणि काठ्यांचे ढीग पडून राहिले. त्या दोन गाड्याभर काठ्या लॉर्डांच्या सभेखालच्या भट्ट्यांत दिवसभर जाळल्या. धुरांड्या तापून लाल झाल्या आणि संध्याकाळी सगळे पेटले. जुन्या रूढीचे सरपण घरात साठवून ठेवले की केव्हातरी घर घेऊनच ते जाते, असे एखादा म्हणेल. मी म्हणत नाही, फक्त गोष्ट सांगितली.

ही आग टर्नर या थोर चिताऱ्याने स्वतः पाहिली आणि पुढल्या साली दोन मोठी चित्रे काढली. ती आज अमेरिकेत, फिलाडेल्फिया व क्लीव्हलंड येथील संग्रहालयांत आहेत. आकाशभर ज्वाला आणि खाली नदीकाठी काळी गर्दी. गंमत पाहा, भिंतीवरच्या आजच्या चित्रांत पार्लमेंटासमोर सामान्य रयत एवढ्या संख्येने प्रथम दिसते ती पार्लमेंट जळताना!

त्यानंतर नवी इमारत बांधण्यासाठी नकाशे मागविले, ९७ आले. चार्ल्स बॅरीचा पसंत पडला आणि आतली नक्षी पुजिन या कारागिराने आखली. १८४० साली पहिला दगड बसला आणि १८५२ साली कॉमन्स सभा नव्या जागी गेली. घड्याळाचा मनोरा १८५९ सालचा. आज पोस्टकार्डावर आपण पाहतो ती हीच इमारत. तिचे टोकदार मनोरे पाहून लोकांना वाटते, केवढी प्राचीन! वास्तविक एक जुने सभागृह सोडले तर ती आगगाडीच्या जमान्यातली आहे. मुद्दाम चारपाचशे वर्षे जुन्या घाटाची केली, म्हणजे आतला कारभारही फार पुरातन वाटावा. नव्या सत्तेला जुन्या घाटाचे कपडे घालण्याची हौस सर्व देशांत असते. म्हणून इमारतीच्या चित्राला वय विचारावे.

पाचवे चित्र हाताने काढलेले नाही. हे प्रकाशाने धातूच्या पत्र्यावर उमटलेले आहे, आणि माझ्या मते आजच्या सर्व चित्रांत मोलाचे आहे. १० एप्रिल १८४८ रोजी लंडनच्या केनिंग्टन मैदानावर जमलेली मजुरांची सभा विल्यम किलबर्न या फोटोग्राफरने टिपली. काळ्या टोप्या, निशाणे, पाठमोरी माणसे आणि मागे कारखान्याचे धुराडे. या चळवळीच्या लोकांना चार्टिस्ट म्हणत. त्यांच्या मागण्या सहा. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, मत गुप्त, सभासद होण्यास मालमत्तेची अट नको, सभासदांना पगार, सारखे मतदारसंघ, आणि दरसाल नवी निवडणूक. सह्यांचा मोठा अर्ज घेऊन मिरवणुकीने पार्लमेंटावर जायचे होते. सरकारने लष्कर तयार ठेवले, हजारो खास शिपाई नेमले, नदीवरचे पूल अडविले. मिरवणूक पार्लमेंटापर्यंत पोहोचलीच नाही; अर्ज तेवढा भाड्याच्या गाड्यांतून गेला. अर्जावर ५७ लाख सह्या आहेत असे चालक म्हणाले. सभेच्या कमिटीने मोजून वीस लाखांच्या आत आणल्या, खोट्या सह्या वाचून दाखविल्या आणि देशभर हसे केले. वीस लाखांना हसता येते, जोवर त्यांना मत नाही तोवर!

पहिला प्रश्न विचारा, चित्र कोणाकडे गेले? राणीच्या नवऱ्याने, प्रिन्स आल्बर्टने ते विकत घेतले आणि ते राजघराण्याच्या संग्रहात आहे. मताचा हक्क मागणारी रयत राजवाड्याच्या पेटीत जाऊन बसली. पण सहापैकी पाच मागण्या पुढे कायदा झाल्या. दरसालची निवडणूक तेवढी राहिली.

या गर्दीच्या पुढाऱ्यांपैकी एकाचे चित्र शेजारी आहे. विल्यम कफे. धंद्याने शिंपी, अंगाने ठेंगणा, वर्णाने काळा. बाप वेस्ट इंडीजमधील सेंट किट्स बेटावरचा गुलाम होता. १८३४ च्या शिंप्यांच्या संपात गेल्यामुळे कफेचे काम गेले आणि तो चळवळीत पडला. १८४८ साली त्याच्यावर कटाचा खटला झाला, जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि टास्मानियात पाठविले. पुढे माफी मिळाली तरी तो परतला नाही. तेथेही मजुरांसाठी भांडत राहिला आणि १८७० साली अनाथ गरिबांच्या घरात वारला. हे चित्र न्यूगेटच्या तुरुंगातले, डाउलिंग नावाच्या चिताऱ्याने काढलेले. डाउलिंगलाही त्याच साली तीच शिक्षा झाली होती. हेटरच्या १६ फुटी चित्रात कफेला जागा नव्हती. तरी आज विलायतेतला मजूर मत देतो ते कोणाच्या पुण्याईने, हे मुलांना सांगताना मी कफेचेच चित्र दाखवितो.

सहाव्या चित्रात माणूस नाही, एक लाकडी पेटी आहे. १८७२ साली गुप्त मतदानाचा कायदा झाला आणि त्याप्रमाणे पार्लमेंटाची पहिली निवडणूक १५ ऑगस्ट १८७२ रोजी पाँटेफ्रॅक्ट या गावी झाली. त्या गावात ज्येष्ठमधाच्या वड्या करण्याचा धंदा आहे. मतपेटीला लाख लावून मोहर करायची वेळ आली तेव्हा वड्यांवर मारायचा छापच लावला! ती पेटी अजून त्या गावी जपून ठेवली आहे. होगार्थच्या मांडवावरचा तमाशा या लहानशा पेटीने बंद केला. जमीनदाराच्या कारकुनाला कान देऊन ऐकायला काही उरले नाही. आमच्या गावात कित्येक जणांना अजून वाटते की आपण कोणाला मत दिले ते वाड्यावर कळते. कळत नाही! त्यासाठी लोकांनी तुरुंग भोगला आहे.

१८९२ सालच्या निवडणुकीत दोन माणसे आत आली. एक किअर हार्डी, दहाव्या वर्षापासून कोळशाच्या खाणीत राबलेला. तो कापडी टोपी व साधा कोट घालून सभेत गेला, तेव्हा बातमी झाली ती टोपीची. माणूस तोच, पण पागोटे कोणते यावरून त्याची किंमत ठरविणारे लोक तेथेही होते. दुसरे आपले दादाभाई नवरोजी, लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी भागातर्फे अगदी थोड्या मतांनी. चारच वर्षांपूर्वी लॉर्ड सॅलिस्बरी या मुख्य प्रधानाने म्हटले होते की इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देतील इतके अजून पुढे गेलेले नाहीत. मतदारांनी पेटीतून उत्तर दिले. मात्र सभासदांना पगार मिळू लागला तो १९११ साली, सालाचे ४०० पौंड. तोवर गरिबाने निवडून यावे आणि उपाशी राहावे, अशी तजवीज होती.

बायकांचे काय झाले? नव्या इमारतीत त्यांना धुराड्याऐवजी सज्जा मिळाला, पण पुढे जाड धातूची जाळी. बायका तिला पिंजरा म्हणत. २८ ऑक्टोबर १९०८ रोजी म्युरिएल मॅटर्स आणि हेलन फॉक्स या दोघींनी स्वतःला साखळ्यांनी त्या जाळीला जखडून घेतले आणि मताच्या हक्काचे भाषण सुरू केले. कुलपे निघेनात, तेव्हा जाळीसकट त्यांना बाहेर काढावे लागले! १९१७ साली जाळ्या काढल्या. १९१८ साली तीस वर्षांवरील काही बायकांना मत मिळाले, १९२८ साली पुरुषांच्या बरोबरीने सर्वांना. लेडी ॲस्टर ही सभेत बसलेली पहिली बाई १९१९ सालची. तिच्या प्रवेशाचे चित्र चार्ल्स सिम्सने काढले आणि ते पार्लमेंटात टांगलेही. परंतु सभासदांनी इतकी ओरड केली की ते उतरवावे लागले. बाई आत आली ती सोसली, भिंतीवरची सोसली नाही.

आता हे छायाचित्र. १२ नोव्हेंबर १९३०, लॉर्डांच्या सभेची रॉयल गॅलरी. गोलमेज परिषदेचे उद्घाटन पाचव्या जॉर्ज बादशहाच्या हस्ते झाले. पुढच्या बैठका सेंट जेम्सच्या राजवाड्यात. संस्थानिक आले होते, सर आले होते. पण त्याच परिषदेत अस्पृश्य समाजातर्फे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर आणि मद्रासचे रावबहादूर श्रीनिवासन होते, आणि ब्राह्मणेतर पक्षातर्फे भास्करराव जाधव होते. ज्याच्या सावलीचा विटाळ मानीत, तो राजाच्या दालनात आपल्या समाजाचा हक्क मागायला बसला होता. वीस वर्षांच्या आत याच गृहस्थांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने देशाच्या घटनेचा मसुदा केला. चित्रात कोण आले, एवढ्याने भागत नाही. आत येऊन त्याने काय केले, हे पुढच्या चित्रात दिसते.

शेवटचे विलायती चित्र १९४१ सालचे. मे महिन्यात जर्मन बाँबने कॉमन्सचे सभागृह उद्ध्वस्त झाले. ढिगाऱ्यात चर्चिल उभे आहेत. नवे सभागृह १९५० साली उघडले, पण देवळाच्या घाटाची समोरासमोरची बाके तशीच ठेवली, आणि सभासद सहाशेवर असून बाकांवर जागा ४२७ च! त्या नव्या सभागृहाला निरनिराळ्या देशांनी वस्तू दिल्या. कॅनडाने मेज दिले, ऑस्ट्रेलियाने अध्यक्षाची खुर्ची दिली. आणि हिंदुस्थान व पाकिस्तान यांनी दिली ती दारे. ज्या सभेने दीडशे वर्षे आपला कारभार आपल्याला न विचारता केला, तिची दारे आता आपण पाठविलेल्या लाकडाची आहेत.

बंधुभगिनींनो, आता घरी येऊ. दिल्लीची गोल इमारत १९२७ साली उघडली, नवी २८ मे २०२३ रोजी. त्यांची चित्रे आपण नित्य पाहतो. विलायतेच्या रयतेला १८३२ पासून १९२८ पर्यंत ९६ वर्षे लागली ते मत आपल्या घटनेने २६ जानेवारी १९५० रोजी एकदम दिले. जमीन किती, शिक्षण किती, बाई की पुरुष, जात कोणती, काही विचारले नाही. आपल्या आजोबांनी महसुलाचा कागद अंगठ्याने भरला असेल, पण मतपेटीपुढे ते सावकाराच्या बरोबरीचे झाले. फुकट मिळालेली वस्तू स्वस्त वाटते, म्हणून आज मी तिची किंमत कोणी किती भरली ते दाखविले.

आणि म्हणून मला विचारायचे आहे की होगार्थचा शेतकरी आपल्या गावात का दिसावा? निवडणुकीच्या आदल्या रात्री पाकीट घेणारा हात कोणाचा? मटणाच्या पंगतीला पहिल्या रांगेत कोण बसतो? आपणच. पाचशेची नोट पाच वर्षांत वाटून पाहा, दिवसाला तीस पैसेसुद्धा पडत नाहीत. एवढ्यात तर एक विडीही येत नाही. ज्याने मत विकत घेतले त्याच्याकडे नळाची, रस्त्याची, शाळेच्या गळक्या छपराची तक्रार घेऊन कोणत्या तोंडाने जाल? व्यवहार पुरा झाला, असे तो म्हणाला तर त्याचे काय चुकले?

दुसरी गोष्ट भगिनींसाठी. २०११ सालापासून आपल्या राज्यात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत. कायद्याने पिंजऱ्याची जाळी काढली. परंतु कित्येक गावच्या पंचायतीत टांगलेला फोटो पाहा. सरपंचबाईंचे नाव पाटीवर, आणि खुर्चीत त्यांचे यजमान. बाई मागे पदर सावरून उभी, नाहीतर फोटोतच नाही. ती आत चहा करीत असते. विचारले तर सांगतात, तिला कळत नाही. अहो, धुराड्यात डोके घालून ऐकणाऱ्या बायकांनाही तेथले पुरुष हेच सांगत होते. खुर्चीत बसल्याशिवाय खुर्चीतले काम कोणाला कळले आहे? पोहायला शिकल्यावर पाण्यात उतरू म्हणणारा कधी शिकत नाही.

म्हणून वाचनालयाच्या चालकांपुढे एक सूचना ठेवतो आणि आजच्या सभेने तिचा ठराव करावा असे सुचवितो. यापुढे आपल्या गावच्या प्रत्येक ग्रामसभेचा फोटो काढावा. मोबाइल घरोघर आहे, खर्च नाही. तो छापून वाचनालयातल्या एका वहीत डकवावा आणि खाली तारीख, हजर किती, त्यांत बायका किती, कोण बोलले आणि कोणता ठराव झाला, हे लिहावे. लिहिण्याचे काम माझ्या सातवीच्या मुलामुलींकडे द्या; अक्षर चांगले येईल याची हमी माझी. कोणत्या वस्तीचा माणूस फोटोत कधीच दिसत नाही, हे वर्षाच्या शेवटी वही उघडून सर्वांनी पाहावे, आणि पुढच्या सभेआधी त्या वस्तीत जाऊन बोलावणे करावे. सरपंचबाई फोटोत मधल्या खुर्चीत बसल्या पाहिजेत, आणि सभेत त्या स्वतः बोलल्या पाहिजेत. पहिल्या वेळी दोनच वाक्ये बोलतील. चालेल.

विलायतेच्या चिताऱ्यांनी त्यांच्या सभेची चित्रे काढली. कोणी पैशासाठी, कोणी चिडून, एका मुलीने माळ्यावर बसून. आपल्या सभेचे चित्र आपण काढले नाही तर ज्याच्या हाती खुर्ची तो ते काढील, आणि आपली मुले त्यालाच खरे मानतील. पुढची ग्रामसभा जवळ आली आहे. मी येईन, आपण सर्वांनी यावे, आणि घरातल्या बायकांना बरोबर आणावे.